तीस म्हणजे तीन

मी लिहिलेलं कुणी वाचत नाही, या समजुतीवर मी नोकरीची पहिली नऊ-दहा वर्षं आरामात काढली. साकीनाक्याला गाळ्यांची एक इमारत होती. खाली लेथ मशीनचा खडखडाट, वर तिसऱ्या मजल्यावर आमची कंपनी. कंपनी स्टोरेजचे डबे बनवायची आणि मी त्या डब्यांबरोबर जाणारं पुस्तक लिहायचे. पदाचं नाव टेक्निकल रायटर. पुस्तकावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. गिऱ्हाईक खोका उघडतं, थर्माकोल फेकतं आणि त्याच्याबरोबर पुस्तकही. पुढे पुस्तक वेबसाइटवर गेलं, तेव्हा फेकायचे कष्टही वाचले.

आमची आई कणकवलीकडची. तिने एकदा विचारलं, "तू हापिसात नेमका लिवतस काय गो?"

मी सांगून पाहिलं. समज, एका ऑफिसात वीस कॉम्प्युटर आहेत आणि सगळ्यांच्या फायली ठेवायला एकच मोठं कपाट आहे, म्हणजे आमचा डबा. कपाट असतं दुसऱ्या खोलीत, पण प्रत्येक कॉम्प्युटरला वाटतं की ते आपल्याच पोटात आहे. अशी जोडणी करण्याला माउंट म्हणतात. जोडताना एक ओळ लिहावी लागते आणि त्या ओळीत स्वल्पविराम देऊन छोटे छोटे शब्द टाकायचे असतात. नुसतं वाचायचं की लिहायचंही? कपाटाने उत्तर दिलं नाही तर किती वेळ थांबायचं? थांबूनही दिलं नाही तर काय करायचं? या शब्दांना माउंट ऑप्शन म्हणतात. असे तीसेक शब्द आहेत, आणि त्यांचा तक्ता करणं हे माझं काम.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मगे कपाट उघडूक पुस्तक कित्याक होया?"

त्या शब्दांमधले दोन इथे सांगावे लागतील, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून झालं. एक हार्ड, दुसरा सॉफ्ट. हार्ड लिहिलं तर कपाट बंद पडल्यावर कॉम्प्युटर हटून बसतो. तासभर लागो की दिवसभर, कपाट परत येईपर्यंत तो पुढे सरकत नाही. माणसाला वाटतं मशीन लटकलं, पण फाइल शाबूत राहते. सॉफ्ट लिहिलं तर कॉम्प्युटर ठरलेला वेळ थांबतो, दोन-तीनदा पुन्हा हाक मारतो आणि मग 'जमलं नाही' असं प्रोग्रामला कळवून मोकळा होतो. प्रोग्राम नीट बनवलेला असेल तर तो माणसाला सांगतो. नसेल तर गप्प पुढे जातो आणि फाइल अर्धवट राहते. कुणाला पत्ता लागत नाही.

थांबायचा वेळ ठरवायला आणखी एक शब्द आहे, टाइमो. त्याच्यापुढे बरोबरचं चिन्ह आणि आकडा.

आमच्या पुस्तकात पहिल्यापासून हार्डच होतं. मग एका छापखान्याचं प्रकरण झालं. लग्नपत्रिका छापणारे लोक, आमच्याच रस्त्यावरचे. त्यांचे सगळे कॉम्प्युटर एका सकाळी एकदम ठप्प. मालक फोनवर असे ओरडत होते की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. आमचा सपोर्ट इंजिनीअर हेमंत कोळी चालतच गेला. पाहतो तर लादी पॉलिश करायचं मशीन लावायला कुणीतरी आमच्या डब्याची पिन काढून ठेवलेली. हेमंतने पिन लावली, डबा सुरू झाला आणि सगळे कॉम्प्युटर जिथे थांबले होते तिथून पुढे चालू लागले. एक अक्षर हरवलं नाही. आम्हाला त्याचं केवढं कौतुक! मालकांना मात्र दोन तास कारागीर बसून राहिल्याचं दुःख. अशा तक्रारी आणखी चार-पाच आल्या.

आमचे साहेब नायर. त्यांनी मला बोलावलं. "वैशाली, लोकांना हँग झालेलं नको असतं. एक ओळ टाक ना, असं होत असेल तर सॉफ्ट वापरा म्हणून."

"सर, सॉफ्टमध्ये रिस्क आहे."

"मग रिस्क आहे असंही लिही. पण थोडक्यात."

मी थोडक्यात लिहिलं. नमुन्याच्या ओळीत टाइमोचा आकडा काय द्यायचा हे मला ठाऊक नव्हतं. हेमंत जेवणाचा डबा घेऊन निघाला होता. वेसाव्याचा माणूस, आई मासळी विकते, त्याच्या डब्याभोवती रोज गर्दी. मी जिन्यात गाठून विचारलं.

"तीस दे गं, पुरे आहे," तो म्हणाला आणि गेला.

मी तीस दिले. तक्त्यात आकड्याशेजारी एककाचा रकाना होता. त्यात मी लिहिलं, सेकंद. हेमंतने सेकंद म्हटलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. थांबायचा वेळ सेकंदांतच असणार, यात विचारायचं काय, असं मला वाटलं.

या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली. एका बुधवारी सकाळी मी जागेवर येऊन बसते तोच हेमंत समोर उभा. त्याचा चेहरा एरवी कधी पडत नाही.

"ते सॉफ्टवालं पान तूच लिहिलंयस ना? पर्स घे. मुलुंडला जायचंय."

रिक्षात त्याने सांगितलं. मुलुंडला एक स्कॅन सेंटर आमचं गिऱ्हाईक होतं. सीटी स्कॅन म्हणजे शरीराचे पातळ पातळ काप केल्यासारखी शेकडो चित्रं. मशीन ती काढतं, एका कॉम्प्युटरकडे पाठवतं आणि तो कॉम्प्युटर आमच्या डब्यात लिहून ठेवतो. डॉक्टर डब्यातली चित्रं बघून रिपोर्ट देतात. आदल्या संध्याकाळी एका पेशंटची सीडी दुसऱ्या डॉक्टरांनी उघडली, तर मधली काही चित्रं नव्हतीच.

"शनिवारी त्यांच्याकडे इलेक्ट्रिशियन आला होता," हेमंत म्हणाला. "आपला डबा ज्याला जोडलाय तो नेटवर्कचा स्विच चार-पाचदा बंद-चालू केला त्याने. दर वेळी जेमतेम मिनिटभर. त्यांच्याकडे सॉफ्ट लावलंय. पण टाइमो तीस आहे, दोनदा परत हाक मारणार. मिनिट सहज निघायला हवं होतं यार. कळत नाही."

पवईच्या तलावाशी सिग्नलला रिक्षा थांबली होती. मी मोबाइलवर आमचं पान काढलं. मग खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमचं मूळ पान काढलं, जे दोन वर्षांपूर्वी काढायला हवं होतं. टाइमोपुढे स्वच्छ लिहिलं होतं की हा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात.

तीस म्हणजे तीन.

मी ती ओळ किती वेळा वाचली, आठवत नाही. मी मोबाइल हेमंतच्या हातात दिला. त्याने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, परत वाचलं.

"वाट लागली," तो हळूच म्हणाला. "मीच बोललो होतो ना तुला तीस."

"तू सेकंद म्हणाला नव्हतास."

तेवढ्यात नायर सरांचा फोन आला. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "फक्त मदत करायची. आपल्या पुस्तकाबद्दल तिथे काही बोलू नका. आधी मी वर विचारतो." मी "हो सर" म्हटलं. कांजूर, भांडुप, नाहूर असं सगळं बाहेरून गेलं असेल, मला काही दिसलं नाही. शनिवारच्या पेशंटपैकी कुणाचं काय राहिलं असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. चित्र नाही म्हणजे गाठ नाही, असं समजून कुणाला 'सगळं ठीक' असा कागद गेला असेल तर?

सेंटरच्या मालक डॉ. करंदीकर, पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या बाई. त्यांच्या केबिनमध्ये एक गृहस्थ भिंतीला टेकून उभे होते. ते शिंदे. सेंटरचे कॉम्प्युटर, प्रिंटर, फोन, सगळं तेच एकटे सांभाळायचे. त्यांच्या हातात निळी प्लास्टिकची फाइल होती. डॉक्टरबाई त्यांनाच विचारत होत्या, "शिंदे, ही सेटिंग तुम्हाला कुणी सांगितली होती? मनाने केलंत?"

"मॅडम, मनाने नाही. सिस्टिम लटकायची म्हणून कंपनीच्या पुस्तकात बघितलं." त्यांनी फाइल उघडली.

त्यात माझी पानं होती. सगळीच्या सगळी, प्रिंट काढून, भोकं पाडून लावलेली. पिवळ्या पेनाने ओळी रंगवल्या होत्या आणि समासात बारीक अक्षरात मराठीतून अर्थ लिहिले होते. इतक्या वर्षांत मी माझा वाचक प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघत होते. त्याने नमुन्याची ओळ जशीच्या तशी उतरवली होती आणि तीसच्या खाली लिहिलं होतं, 'अर्धं मिनिट.'

"पुस्तकात असेल हो, पण आपल्याकडे ते चालेल की नाही हे तुम्ही बघायला नको?" डॉक्टर म्हणाल्या. शिंद्यांनी मान खाली घातली. हेमंतने माझ्याकडे पाहिलं. ती वेळ बोलायची होती.

मी म्हणाले, "आधी शनिवारची सगळी स्कॅन मोजून घेऊ या. ते जास्त महत्त्वाचं आहे."

वाक्य बरोबरच होतं. मी मात्र त्याच्या आडोशाला उभी होते.

मोजायची घाई होती त्याचंही कारण होतं. स्कॅन मशीनच्या स्वतःच्या पोटात चित्रांची मूळ प्रत असते, पण चार-पाच दिवसच. जागा भरली की मशीन सगळ्यात जुनं पुसतं आणि त्यावर नवं लिहितं. मशीनवर काम करणारी मुलगी, दीपाली, म्हणाली, "शुक्रवारचं सकाळीच गेलं. आता नवीन पेशंट घेतला की शनिवारचं जायला लागेल."

बाहेर बाकांवर आठ-दहा माणसं उपाशीपोटी बसली होती, स्कॅनसाठी. डॉक्टरबाईंनी घड्याळ पाहिलं, मग स्वतः बाहेर गेल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "मशीन आज बंद ठेवावं लागतंय. अर्जंट असेल त्यांना मी दुसरीकडे फोन लावून देते. बाकीच्यांनी कृपा करून उद्या या." एक आजोबा खूप चिडले. त्यांचं चुकलं नव्हतं.

हेमंतने सगळ्यात आधी ती ओळ बदलून हार्ड केलं. मग आम्ही बसलो. शनिवारी तेवीस स्कॅन झाली होती. दीपाली मशीनवरून एकेकाचा नंबर आणि चित्रांची संख्या सांगायची. हेमंत डब्यात शाबूत किती आहेत ते सांगायचा. मी दोन्ही आकडे लिहायचे आणि शिंदे माझ्या शेजारी बसून ताळा करायचे.

"एक नंबर. तीनशे बारा."

"तीनशे बारा."

"दोन नंबर. दोनशे अठ्ठ्याऐंशी."

"अठ्ठ्याऐंशी."

पहिली आठ जुळली. नवव्याला दीपाली म्हणाली, "चारशे सहा." हेमंतने यादी पुन्हा वरून खाली पाहिली. मग म्हणाला, "परत सांग." तिने परत सांगितलं. "माझ्याकडे तीनशे सत्तर आहेत."

शिंद्यांनी डोक्याला हात लावला. "माझ्यामुळे झालं हे," ते पुटपुटले. "मॅडमनी विश्वासाने सगळं सोपवलं होतं हो." त्यांचा गुडघा टेबलाखाली थडथडत होता, टेबल हलत होतं आणि माझं अक्षर वाकडं येत होतं. मी त्यांना पाणी दिलं. पाणी दिलं, पण बोलले नाही. असे जवळजवळ तीन तास तो माणूस माझी चूक आपली समजून माझ्याच शेजारी बसून आकडे जुळवत होता. नोकरीत माझ्या हातून बऱ्याच चुका झाल्या. त्या तीन तासांइतकी कुठलीही मला टोचत नाही.

तेवीसपैकी चार अपुरी निघाली. हेमंतने ती चारही मशीनमधून परत डब्यात घेतली, डॉक्टरबाईंनी पडदे ओढले आणि एकेक नव्याने पाहायला बसल्या. पहिलं, आदल्या दिवशी सीडीवर सापडलं तेच, रिपोर्ट तोच. दुसरं, फरक नाही. तिसरं, फरक नाही. चौथं राहिलं ते नवव्या नंबरचं. त्या माउस पुढे-मागे फिरवत राहिल्या. पुढे जायच्या, थांबायच्या, परत मागे यायच्या. त्या खोलीत एसीचा आवाजसुद्धा मला सहन होत नव्हता.

"फुप्फुसात एक छोटी गाठ आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "त्या छत्तीस चित्रांतच आहे. बाकी कुठे दिसत नाही. आणि मी सोमवारी यांना नॉर्मल लिहून दिलंय."

खुर्ची फिरवून त्या शिंद्यांना म्हणाल्या, "मी आता पेशंटला फोन करते. तुम्ही घरी जा. उद्यापासून येऊ नका."

शिंदे उठले. निळी फाइल टेबलावरच राहिली होती. ती उचलायला त्यांनी हात पुढे केला आणि मी त्या फाइलवर हात ठेवला.

"डॉक्टर, हे पान मी लिहिलंय," मी म्हणाले. "हा आकडा सेकंदांत नसतो, सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. मी सेकंद लिहिलं. यांनी अर्धं मिनिट समजून टाकलं आणि कॉम्प्युटर तीन सेकंदांवर चालला. यांनी पुस्तकातलं सगळं बरोबर केलंय. पुस्तकच चूक आहे. आणि हे मला सकाळी रिक्षातच कळलं होतं."

शिंदे माझ्याकडे वळले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "सकाळीच?"

"हो."

डॉक्टरबाईंनी निळी फाइल ओढून ती रंगवलेली ओळ वाचली. मग म्हणाल्या, "शिंदे, बसा." आणि त्यांनी फोन उचलला.

पुढचं थोडक्यात सांगते. नायर सर माझ्यावर आठवडाभर धुमसत होते, पण मला काढलं नाही. हेमंतने सांगून टाकलं होतं की तिला काढलंत तर मीही चाललो, आकडा माझा होता. आम्ही दोघांनी पंधरा दिवस बसून प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन केले. आणखी दोघांनी ती ओळ उतरवली होती. त्यांचं नशिबाने काही गेलं नव्हतं. पान मी त्याच दिवशी दुरुस्त केलं होतं. शिवाय सगळ्यांना एक पत्र पाठवायचं ठरलं. मी लिहिलं, सरांनी तपासलं, वकिलांनी तपासलं. जाताना त्यात असं उरलं होतं: 'आमच्या पुस्तिकेतील एका मूल्याचे एकक अनवधानाने चुकीचे नमूद केले गेल्याचे निदर्शनास आले आहे.'

सहा-सात महिन्यांनी शिंद्यांचा फोन आला. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं नव्हतं. उलट नवीन पान आलं की वाचून शंका विचारायचे. मी आता त्यांच्या फोनची वाटही बघायचे आणि धसकाही घ्यायचे. या वेळी म्हणाले, "नवव्या नंबरवाल्या बाई तपासणीला येतायत परवा. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितलंय. तुम्हाला भेटायचंय म्हणतात."

दोन रात्री झोप लागली नाही. त्या काय बोलतील याची शंभर वाक्यं मी मनात रचली.

देसाईबाई नाहूरला राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, मराठी शिकवायच्या. किरकोळ बांधा, कडक इस्त्रीची साडी. सेंटरच्या बाकावर त्यांनी मला शेजारी बसवलं आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढला. आमचं ते पत्र. शिंद्यांकडून मागून घेतलं होतं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

त्यांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. "नमूद केले गेल्याचे. निदर्शनास आले. कुणी नमूद केलं? कुणाच्या निदर्शनास आलं? या वाक्यात माणूसच नाही हो एकही."

"मी केलं होतं," मी म्हणाले. "चूक माझी आहे. मला माफ करा."

"माफीचं मला अजून जमत नाही," त्या सरळ म्हणाल्या. "दोन दिवस मी पेढे वाटले होते, नॉर्मल आलं म्हणून. तिसऱ्या दिवशी तो फोन. पण तुम्ही आलात, ते बरं केलंत. आता हे वाक्य तेवढं नीट लिहा."

पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत त्या तक्त्याखाली मी लिहिलं, 'याआधी मी इथे चुकीचं एकक दिलं होतं.' नायर सरांनी 'मी' खोडून 'आम्ही' केलं. त्यावर मी तडजोड केली. गेल्या वर्षी नोकरी सोडली तेव्हाही ते वाक्य तिथे होतं. माझ्या जागी आलेल्या नव्या मुलीने ते काढू का म्हणून विचारलं होतं, मी नको म्हटलं.

पण त्या दिवशी आम्ही बाकावर बसलेल्या असतानाच आतून देसाईबाईंचं नाव पुकारलं. त्या उठल्या, पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "सांभाळा, आत नेऊ देत नाहीत." दार बंद झालं. दारावरचा लाल दिवा लागला. मी पर्स दोन्ही हातांनी धरून त्या दिव्याकडे बघत बसले. किती वेळ गेला कळलं नाही. दिवा विझला, तरी त्या लगेच बाहेर आल्या नाहीत. आधी शिंदे आले, हातात कागदाचा कपटा.

"चारशे अकरा काढली, चारशे अकरा पोचली," ते म्हणाले. "दोनदा मोजली, मॅडम."